फोटोवर पारदर्शक मराठी नाव: इंकस्केप, कोरलड्रॉ की इलस्ट्रेटर?

होमस्टेच्या, हापूसच्या पेट्यांच्या किंवा किनाऱ्याच्या फोटोंवर टाकायला पुसटसं पारदर्शक नाव (वॉटरमार्क) या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये बनतं. खरा फरक दिसतो तो नाव मराठीत असलं की. म्हणून आधी 'श्रीवर्धन' आणि 'चिपळूण' हे दोन शब्द टाइप करून बघा. रफार ध-वर बसायला हवा आणि पहिली वेलांटी च-च्या डावीकडे यायला हवी.

इंकस्केप फुकट आहे आणि युनिकोड (सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) मराठी काहीही सेटिंग न बदलता नीट दाखवतं. मुक्ता किंवा बलू हे फुकट फाँट ठळक वजनात वॉटरमार्कला चांगले. बारीक फाँट पारदर्शक केला की वाचता येत नाही. इलस्ट्रेटरला सतत वर्गणी भरावी लागते, शिवाय प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात इंडिक पर्याय चालू करून भारतीय लिप्यांचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडावा लागतो. आधीपासून वापरत असाल तर उत्तम, पण एवढ्याशा कामासाठी ते घेऊ नका.

कोरलड्रॉही विकतचं. पण बोर्डवाल्याकडे किंवा छापखान्यात तुमचं नाव त्यात आधीच तयार असू शकतं. ते श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर तुमच्या संगणकावर भलतीच अक्षरं उमटतील. त्यांच्याकडेच कंट्रोल+क्यू दाबून कर्व्ह (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार) करून घ्या आणि एसव्हीजी (अशा आकारांची) फाइल मागा. पुढचं काम इंकस्केपमध्ये होतं.

सगळ्यात जास्त घोळ शिरोरेघेवर होतो. देवनागरीत शेजारची अक्षरं रेघेपाशी एकमेकांवर किंचित चढलेली असतात. प्रत्येक अक्षर वेगळं पारदर्शक झालं की त्या जोडांवर रंग जास्त दाट होतो आणि रेघेवर ठिपके दिसतात. अक्षरांना बाहेरची कडा (आउटलाइन) दिली असेल तर उभ्या चिरा पडतात. इंकस्केपमध्ये यावर उपाय असा: मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा (नंतर शुद्धलेखन बदलता येणार नाही), शिफ्ट+कंट्रोल+सी ने मजकुराचा पाथ (आकार) करा, अनग्रुप करा, सगळी अक्षरं निवडून पाथ मेनूतलं युनियन द्या, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच आकार होतो. कोरलमध्ये हेच वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट.

मग शिफ्ट+कंट्रोल+एफ ने रंग आणि कडेचं पॅनेल उघडा. आतला रंग पांढरा, कडा बारीक आणि गडद राखाडी. तारकर्लीच्या पांढऱ्या वाळूवर नुसतं पांढरं नाव हरवतं, जांभ्याच्या भिंतीवर मात्र उठून दिसतं. कडा असली की दोन्हीकडे चालतं. पारदर्शकता रंगाच्या ए (अल्फा) पट्टीवर देऊ नका. कडेची आतली अर्धी जाडी रंगावर चढते, तिथे दुहेरी छटा येते. पॅनेलच्या तळाशी असलेली ओपॅसिटी ३५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. ती अख्ख्या आकाराला एकदाच लागते.

शिफ्ट+कंट्रोल+ई ने निर्यात करताना पान नको, फक्त निवडलेला भाग घ्या, नाहीतर भोवती रिकामी जागा येते. ४००० पिक्सेल रुंद फोटोवर पाव रुंदीचं नाव म्हणजे १००० पिक्सेल. पीएनजी (पारदर्शकता राखणारी चित्रफाइल) २००० पिक्सेलची काढा, लहान केली तर चालते, मोठी केली की फुटते. कोरलमध्ये पीएनजी काढताना पारदर्शकतेची खूण करायला विसरलात तर नावामागे पांढरा चौकोन येईल. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की त्याचं जेपीजी होतं आणि जेपीजीत पारदर्शकता राहतच नाही, त्यामुळे ही फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.