मान कोणाचा, कारभार कोणाचा : राजा की राष्ट्रपती, बाजू निवडण्यापूर्वी

शिमग्यात पालखी सहाणेवर (पालखी ठेवण्याच्या चौथऱ्यावर) आली की पहिला नारळ कोणाचा, हे आमच्या रत्नागिरीकडच्या बहुतेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. त्या मानकऱ्याचा नारळ झाल्याशिवाय पुढचे काही होत नाही. मात्र देवळाचे छप्पर यंदा करायचे की पुढच्या वर्षी, आणि घरटी वर्गणी किती, हे गावाच्या बैठकीत ठरते व तेथे मानकऱ्याचे मत इतरांइतकेच धरले जाते. संसदीय लोकशाहीतील राजाचे स्थान समजावून सांगताना याहून जवळचे उदाहरण मला अद्याप सापडलेले नाही.

आमच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थिनींना वादविवादासाठी ‘संसदीय लोकशाहीत राष्ट्रप्रमुख वंशपरंपरेने यावा की निवडून यावा’ या विषयावर बाजू निवडायची असून दोघींनीही पहिला मुद्दा म्हणून थिबा राजवाडाच पुढे केला. रत्नागिरीकरांना हा मोह होणे साहजिक असले तरी ते उदाहरण येथे लागू पडत नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ पर्यंत स्वतः राज्य करत होता आणि इंग्रजांनी १८८६ मध्ये त्याला येथे आणल्यापासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो नजरकैदेत होता. म्हणजे आधी सर्व सत्ता आणि नंतर काहीच नाही. आपला विषय या दोहोंच्या मधला आहे.

दोन्ही पदांची नित्याची कामे जवळजवळ सारखी आहेत. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना सांगितले होते की, राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखेच राहील. तो राष्ट्राचा प्रमुख असेल, कार्यकारी सत्तेचा नव्हे. पंतप्रधानाची नेमणूक, विधेयकावर सही, सभागृह विसर्जित करणे या गोष्टी राजा व राष्ट्रपती दोघेही करतात आणि बहुतेक वेळा मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच करतात. त्यामुळे तुलना करायची ती सल्ला देणाराच निश्चित नसतो, अशा मोजक्या दिवसांची.

असा पहिला दिवस त्रिशंकू सभागृहाचा. मलेशियात नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत २२२ जागांपैकी कोणत्याही आघाडीला बहुमताच्या ११२ मिळाल्या नाहीत, तेव्हा राजाने नेत्यांना बोलावून चाचपणी केली आणि अन्वर इब्राहिम यांना पंतप्रधान नेमले. (हा राजाही नऊ राजघराण्यांच्या प्रमुखांनी आपल्यातूनच पाच वर्षांसाठी निवडलेला असतो, हे प्रतिपक्षाला सांगायला विसरू नये.) आपल्याकडे १९९६ मध्ये राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना पाचारण केले आणि ते सरकार तेराव्या दिवशी गेले, दोनच वर्षांनी के. आर. नारायणन यांनी त्याच वाजपेयींकडे आधी पाठिंब्याची पत्रे मागितली. राज्यघटना तीच, पद तेच, रीत मात्र निराळी. स्वीडनने हा प्रश्नच मुळातून काढून टाकला. १९७५ पासून तेथे पंतप्रधानपदासाठी नाव सुचवण्याचे काम संसदेच्या अध्यक्षाकडे असून राजा कायद्यावर सहीसुद्धा करत नाही. माझ्या मते या संपूर्ण तुलनेतील सर्वांत प्रामाणिक व्यवस्था हीच आहे, कारण तेथे मान आणि कारभार यांच्यात अंधारा कोपरा उरलेला नाही.

सहीच्या बाबतीत ब्रिटनमध्ये १७०८ नंतर कोणत्याही राजा-राणीने विधेयकाला संमती नाकारलेली नाही. बेल्जियममध्ये मात्र १९९० साली राजे बोदुएँ यांची सदसद्विवेकबुद्धी गर्भपाताच्या कायद्याआड आली. तेव्हा मंत्रिमंडळाने त्यांना राज्य करण्यास तात्पुरते असमर्थ ठरवले, कायदा स्वतःच्या सहीने जारी केला आणि लगेच संसदेने त्यांना पुन्हा पदावर बसवले. आमचे राष्ट्रपती विधेयक एकदा परत पाठवू शकतात, जसे कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचे (खासदारांना काही सरकारी पदे ठेवू देणारे) विधेयक पाठवले. ते पुन्हा संमत झाल्यावर त्यांना सही करावी लागली. परंतु संविधानाने पहिल्या निर्णयासाठी मुदत घातली नसल्याने १९८६ चे (सरकारला पत्रे उघडू देणारे) टपाल विधेयक झैलसिंग यांच्याकडे तसेच पडून राहिले. बेल्जियमची युक्ती हास्यास्पद वाटली तरी तेथे कायदा अडला नाही, एवढे राजाच्या बाजूने मान्य करावे लागते.

राजाच्या बाजूचे सर्वांत बळकट उदाहरण स्पेनचे आहे. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी सिव्हिल गार्ड या पोलीस दलाच्या बंदूकधारी जवानांनी संसदेत घुसून मंत्र्यांसह खासदारांना ओलीस धरले, तेव्हा राजे हुआन कार्लोस मध्यरात्रीनंतर लष्करी गणवेशात दूरचित्रवाणीवर आले, त्यांनी लोकशाहीची बाजू घेतली आणि बंड फसले. परंतु या उदाहरणावर भिस्त ठेवणाऱ्याने इटलीचे उत्तरही तयार ठेवावे. ऑक्टोबर १९२२ मध्ये राजे व्हिक्टर इमॅन्युएल यांनी मंत्रिमंडळाने मागितलेल्या लष्करी कायद्याच्या हुकुमावर सही नाकारून फॅसिस्ट नेता मुसोलिनीला सरकार बनवायला बोलावले. निवडून आलेल्या राष्ट्रप्रमुखाच्या बाजूलाही येथे शेखी मिरवता येणार नाही, कारण २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली ती मंत्रिमंडळाची बैठक होण्याआधीच. फरक नंतरच्या दुरुस्तीत दिसतो. ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना तशी घोषणा करता येणार नाही, असे बंधन घातले.

पद सोडण्याबाबत फार लिहायला नको. आपल्याकडे पाच वर्षे आणि महाभियोग. जपानमध्ये वृद्ध सम्राट अकिहितो यांना निवृत्त होण्यासाठी २०१७ मध्ये खास कायदा करावा लागला आणि २०१९ मध्ये ते मोकळे झाले. खर्चाचा मुद्दा मी टाळीन, कारण राजवाडा असो वा राष्ट्रपती भवन, माळी, पहारेकरी आणि मेजवान्या दोन्हीकडे असतात.

विषय जर ‘आहे ती राजेशाही ठेवावी का’ असा असेल तर राजाची बाजू मांडणे अवघड नाही. नव्याने पद निर्माण करायचे असेल तर मी निवडून येणाऱ्याचीच बाजू घेईन, आणि तीही अधिकार लिहून काढण्याच्या अटीवर. मग प्रतिपक्ष हमखास राज्यपालांचा विषय काढील आणि २३ नोव्हेंबर २०१९ ची ती पहाट आठवून देईल, जेव्हा उजाडण्यापूर्वी महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळीच राजभवनात शपथविधी झाला. त्यावर उत्तर असे की राज्यपाल जन्माने येत नाही आणि निवडूनही येत नाही; तो केंद्राच्या सल्ल्याने नेमला जातो व राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतो. त्याचा हिशेब या दोन्ही रकान्यांत न धरता तिसरा रकाना आखून त्यात मांडावा.