बॉल पायथनचा तयार सेट: नाशिकच्या हवेत काय चालतं, काय बदलावं लागतं

बॉल पायथन हा साप नव्याने घरी आणणाऱ्यांसाठी हल्ली एकाच खोक्यात सगळं मिळतं. साधारण ४० लिटरचा झाकणाचा प्लास्टिक टब, १४ वॅटची हीट मॅट, मॅटचं तापमान राखणारा एसटीसी-१००० थर्मोस्टॅट, दमटपणा मोजणारा काट्याचा हायग्रोमीटर, एक हाइड (सापाला लपायची जागा), पाण्याचं भांडं, लाल बल्ब, स्टीलचा चिमटा, हुक आणि सूचनांचा एक कागद. थर्मोस्टॅट उत्तम आहे. टब आणि चिमटा थोडी डागडुजी करून चालतात. हायग्रोमीटर आणि बल्ब बाजूला ठेवावेत. सूचनांचा कागद मात्र वापरूच नये, कारण पहिल्या पंधरवड्यात पिल्लाचे जे हाल होतात ते त्यातल्या सल्ल्यांनीच होतात.

सेट घेण्याआधी कागदपत्रांचं बघा. आपल्याकडचा कुठलाही साप, मग तो धामण असो, अजगर असो की मांडूळ, घरात पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याला पळवाट नाही. बॉल पायथन आफ्रिकेतला, सायटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मधला. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद तो ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ‘परिवेश २.०’ पोर्टलवर करावी लागते. पिल्लं झाली किंवा साप दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. विक्रेता कागद देत नसेल, ‘नंतर बघू’ म्हणत असेल, तर तिथून साप घेऊच नका.

आता थर्मोस्टॅट. हाच डबा कोंबड्यांच्या अंडी उबवणी यंत्रात वर्षानुवर्षं चालतो, त्यामुळे सुटा घेतला तरी हजाराच्या आत मिळतो आणि जोडून देणारा इलेक्ट्रिशियनही सापडतो. त्याच्या रिलेमधून, म्हणजे आतल्या स्विचमधून, स्वतःचा करंट येत नाही. फेजची वायर रिलेतून फिरवून मॅटला द्यावी लागते. सेटमध्ये हे जोडून दिलेलं नसेल तर स्वतः प्रयोग करू नका. एफ१ या सेटिंगमध्ये हवं ते तापमान टाकायचं, एफ२ मध्ये फरक ०.५ ठेवायचा. वापरण्याआधी प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घातलेल्या पेल्यात दहा मिनिटं बुडवा. शून्याऐवजी १.२ दाखवत असेल तर एफ४ मध्ये उणे १.२ टाका. एवढं केलं की पुढे आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

कागदावर प्रोब टबच्या आत, भिंतीला चिकटवायला सांगितलाय. सेटमधली सर्वांत धोक्याची चूक हीच. साप प्रोब ओढतो, तो सुटून हवेत लोंबकळतो, थर्मोस्टॅटला थंडी वाटते आणि मॅट बंदच होत नाही. सापाला पोटाखालची आच वेळेवर कळत नाही, तो तिथेच बसून राहतो आणि पोट भाजून घेतो. मॅट टबच्या बाहेर, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली लावा. प्रोब मॅट आणि टबच्या तळामध्ये ठेवून उष्णता सोसणाऱ्या टेपने पक्का करा. टबखाली चार कोपऱ्यांना रबरी बूच लावून ५-६ मिलिमीटरची फट ठेवा, म्हणजे उष्णता कोंडत नाही. मग इन्फ्रारेड गनने आतल्या तळाचं तापमान मोजा. गरम बाजू ३१-३२ अंश आणि थंड बाजू २५-२७ हवी. आत ३२ येण्यासाठी एफ१ मध्ये बहुतेक वेळा ३४ च्या आसपास ठेवावं लागतं, कारण प्लास्टिक थोडी उष्णता खातं.

नाशिकची थंडी १४ वॅटच्या मॅटला पेलत नाही, हे सेट बनवणाऱ्याला माहीत नसणार. निफाडकडे पारा ५-६ अंशांवर येतो त्या रात्री शहरातल्या खोल्याही गार पडतात. मॅट तळ तापवते, हवा तापवत नाही. डिसेंबर-जानेवारीत टबच्या तीन बाजूंना आणि झाकणावर एक इंच थर्माकोल लावा, झाकणाची अर्धी भोकं मात्र मोकळी ठेवा. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर एवढीशी मॅट रात्रभर सहज चालते. इन्व्हर्टर नसेल तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टबच्या बाहेरून टेकवा. मार्च ते मे उलटी पंचाईत. पत्र्याखालच्या किंवा गच्चीलगतच्या खोलीत टबाची हवा ३५ च्या वर गेली तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा टब खालच्या मजल्यावर, फरशीवर ठेवा. एसटीसी-१००० ला थंडाव्याचा दुसरा रिले असतो, त्यावर लहान पंखा जोडता येतो. सेटमध्ये याचा उल्लेखच नाही, आणि आमच्या मते तीच या यंत्राची खरी किंमत आहे.

लाल बल्बची गरज नाही. तो हवा कोरडी करतो आणि सापाला रात्रीचा अंधार मिळू देत नाही. काट्याचा हायग्रोमीटर १५-२० टक्क्यांनी सहज चुकतो. डिजिटल घ्या आणि तोही तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब-थेंब पाण्याने ओलं करा, मीटरसोबत झिपच्या पिशवीत सात-आठ तास बंद ठेवा. ७५ टक्के दिसायला हवेत. बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के दमटपणा लागतो, कात टाकताना ७० च्या आसपास. पावसाळ्यात नाशिकला तो आपोआप मिळतो, तेव्हा झाकणाची सगळी भोकं उघडी ठेवा. नाहीतर तळ ओला राहून पोटाच्या खवल्यांना फोड येतात. एप्रिलमध्ये निम्म्या भोकांवर टेप लावा.

तळाला पहिला महिना साधा, न छापलेला वर्तमानपत्राचा कागद. विष्ठा नीट दिसते आणि पांढऱ्या कागदावर माइट्सचे (सापाच्या अंगावरच्या बारीक किड्यांचे) काळे ठिपके लपत नाहीत. नंतर नारळाच्या सालीचे तुकडे घाला, थर मॅटवर २-३ सेंटिमीटरपेक्षा जाड नको. लाकडाचा भुसा आणि रोपवाटिकेतला न धुतलेला कोकोपीट टाळा.

सेटमध्ये हाइड एकच येतं, लागतात दोन. एकसारखी, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला. एकच असेल तर साप ऊब आणि लपण यांतलं एक निवडतो, तो लपण निवडतो, थंडीत बसून राहतो आणि खाणं सोडतो. हाइड अंगाला चारही बाजूंनी लागेल एवढंच मोठं हवं. कुंडीखालची मातीची ताटली पालथी घालून कडेला दार कापून घेतलं तरी झकास होतं. कापलेली कड पॉलिश पेपरने घासा.

खाऊ घालण्याबद्दल कागद म्हणतो: आल्या दिवशी एक पिंकी (उंदराचं नवजात पिल्लू), मग एक दिवसाआड, वेगळ्या खोक्यात काढून. तिन्ही चूक. आल्यावर पूर्ण सात दिवस सापाला हात लावायचा नाही, फक्त पाणी बदलायचं. पहिलं खाणं सात दिवस झाल्यावर, संध्याकाळी दिवे मंद करून, त्याच टबमध्ये. वेगळ्या खोक्यात हलवलं की भेदरतो, आणि पोट भरल्यावर परत उचलला की उलटी होते. भक्ष्याचं वजन पिल्लाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के हवं. ७० ग्रॅमच्या पिल्लाला ७ ते १० ग्रॅमचा हॉपर (केस आलेला, लहान) उंदीर बरोबर बसतो, एक-दोन ग्रॅमची पिंकी त्याच्या खिजगणतीत नसते. ५०० ग्रॅमपर्यंत दर सात दिवसांनी, पुढे १० ते १४ दिवसांनी.

उंदीर फ्रोझनच घ्या. जिवंत उंदीर कोपऱ्यात सापडला की सापालाच चावतो, डोळाही जाऊ शकतो. कांद्याच्या चाळीतला किंवा द्राक्षबागेतला पकडलेला उंदीर तर अजिबात नको. त्याने झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोन खाल्लेलं असू शकतं आणि ते विष सापाच्या पोटात जातं. फ्रोझन माल आला की पिशवी बघा. आत तांबूस बर्फ साचलेला असेल किंवा उंदराचं पोट हिरवट दिसत असेल तर तो एकदा वितळून पुन्हा गोठलेला आहे. परत करा.

आदल्या रात्री उंदीर बंद पिशवीत फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. संध्याकाळी पिशवीसकट ४० अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटं. पोट दाबून बघा, आत कडक लागलं तर अजून गोठलेलं आहे. मायक्रोवेव्ह नको, पोट फुटतं. शेवटी डोकं हेअर ड्रायरने ३७-३८ अंशांवर आणा, कारण बॉल पायथन ओठांवरच्या खाचांनी उष्णता हेरतो आणि गार डोक्याकडे ढुंकून बघत नाही. अंगही कोरडं करा.

सेटमधला चिमटा २५ सेंटिमीटरचा, टोकं उघडी. निदान ३० चा हवा. टोकांवर सलाइनच्या नळीचे तुकडे चढवा, कारण झडप चुकली की तोंड स्टीलवर आपटतं आणि दात मोडतात. उंदीर कमरेला धरा, डोकं सापाकडे, हाइडच्या दारापाशी हळू हलवा. नाकावर ढोसू नका. पाच मिनिटांत घेतला नाही तर तिथेच ठेवून खोलीतून बाहेर या. सकाळी तसाच असेल तर फेकून द्या, पुन्हा गोठवू नका. पुढचा प्रयत्न पाच ते सात दिवसांनी. रोज रोज समोर धरणं हेच न खाण्याचं मोठं कारण आहे. तीन वेळा नाकारलं तर आधी तापमान, मग हाइड, मग उंदराचा आकार तपासा, एका वेळी एकच गोष्ट बदला. मोठा बॉल पायथन थंडीत महिना-दोन महिने खात नाही, वजन टिकून असेल तर घाबरायचं कारण नाही. पिल्लाचं वजन १० टक्क्यांनी उतरलं, श्वासाला घरघर आली किंवा तोंडाशी बुडबुडे दिसले, तर सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे लगेच न्या. असा डॉक्टर साप आणायच्या आधीच शोधून ठेवावा.

उलटी झाली तर १०-१४ दिवस काही देऊ नका, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर द्या.

हुक बरा आहे, पण उचलायला नाही. लागोपाठ तीन वेळा खाल्ल्यावरच हाताळणी सुरू करायची, तीही खाल्ल्यानंतर ४८ तासांनी. आधी हात साबणाने धुवा, उंदराचा वास राहिला तर बोट भक्ष्य वाटतं. हुकाने अंगाच्या पुढच्या भागाला अलगद स्पर्श करा, म्हणजे खाणं आलेलं नाही हे त्याला समजतं. मग वरून नव्हे, बाजूने हात घालून मध्यावर उचला आणि दुसऱ्या हाताने शेपटीकडचा भाग पेला. मान धरू नका. सुरुवातीला पाच मिनिटं, आठवड्यातून दोनदा. डोळे दुधी झाले असतील तर कात पडेपर्यंत राहू द्या. चावून धरलं तर ओढायचं नाही, दात आत वळलेले असतात. तोंडावर थंड पाणी ओता, सोडतो. नंतर जखम आणि हात साबणाने धुवा. साल्मोनेलामुळे पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात साप देऊच नये.

टबच्या झाकणाला दोनच क्लिप आहेत. पिल्लू नाकाने कोपरा उचलून निसटतं, तेव्हा चारही बाजूंना क्लिप बसवून घ्या. भोकं वाढवायची तर सोल्डरिंग आयर्नने आतून बाहेर पाडा, धारदार कड बाहेरच्या बाजूला राहते.

सेटमध्ये वजनकाटा नाही, आणि सर्वांत जास्त तोच लागतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. हाताळणी सुरू होईपर्यंत हाइडसकट उचलून वजन करा आणि हाइडचं वजन वजा करा.