खांद्यावरचा नॉइज डोसीमीटर : सात महिन्यांच्या वापरानंतर

मानवत-सेलूकडच्या जिनिंगमध्ये कापसाचा हंगाम आणि मग जालन्याच्या रोलिंग मिल, असे सात महिने हा डोसीमीटर (पाळीभर माणसाच्या कानाशी येणारा आवाज मोजणारं यंत्र) कामगारांच्या खांद्यावर आहे. बिनवायरचा, क्लास २ चा (म्हणजे सर्वांत काटेकोर नाही, पण कामापुरता अचूक). यंत्र चांगलं आहे, पण आलेल्या सेटिंगवर विसंबून मोजू नका.

येताना त्यात क्रायटेरियन (आठ तास चालेल तो आवाज) ९०, एक्स्चेंज रेट (इतके डेसिबल वाढले की चालणारी वेळ निम्मी) ५ आणि थ्रेशोल्डही (याखालचा आवाज हिशेबातच येत नाही) ९० भरलेला होता. कारखाना नियमांत ८ तासांना ९० डीबीएचीच (माणसाच्या कानाला ऐकू येतो तसे मोजलेले डेसिबल) मर्यादा आहे, त्यामुळे तो हिशेब लागतोच. घोळ थ्रेशोल्डचा. माणूस पूर्ण पाळी ८८ मध्ये उभा राहिला तरी डोस (दिवसाच्या कोट्यापैकी किती टक्के आवाज झाला तो आकडा) शून्य येतो, आणि क्रायटेरियन ८५ व एक्स्चेंज रेट ३ च्या हिशेबाने तोच डोस २०० टक्के! थ्रेशोल्ड ८० वर आणा आणि दोन्ही हिशेब एकदम चालू ठेवा, यात ती सोय आहे. ९५ मध्ये चार तास काढले तर पहिल्या हिशेबात १०० टक्के, दुसऱ्यात ५०० च्या वर. कोणाला कानात घालायचे प्लग द्यायचे, कोणाची जागा बदलायची, हे दुसऱ्यावरूनच ठरवावं.

माइक कानापासून निदान १० सेंमी दूर आणि खांद्याच्या ४ सेंमी वर हवा. ज्या कानाकडे मशीन, त्या खांद्यावर. गमछा माइकवर आला की आवाज दबतो, घासला की आलेखात खोटी टोकं दिसतात. तो दुसऱ्या बाजूला खोचायला सांगा.

पाळीआधी आणि पाळीनंतर कॅलिब्रेटर (ठरावीक आवाज देऊन माइक तपासणारं उपकरण) लावायचा. दोन्हींत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर त्या दिवसाचं मोजमाप बाद. पण माइकवरच्या फोमच्या टोपीचा दोष इथे सापडत नाही, कारण कॅलिब्रेटर लावताना फोम काढलेला असतो. डबल रोलर जिनजवळ दोन तासांत फोमवर रुईची पांढरी साय धरते, आणि ती झटकली तरी तंतू आत रुतलेले राहतात. असा गच्च फोम बारीक, तीक्ष्ण आवाज अडवतो आणि आकडा कमी येतो. दर पाळीला नवा किंवा धुऊन पूर्ण वाळवलेला फोम लावा. ओला तर मुळीच नको.

खरी किंमत वसूल होते ती मिनिटामिनिटाच्या आलेखातून. पाळी संपताना एअर गनने मशीन झाडणं दहा-पंधरा मिनिटांचंच असतं, पण १०० डीबीएला ८५/३ च्या हिशेबाने १५ मिनिटांतच दिवसाचा कोटा संपतो. मशीनजवळ मीटर धरून हे कधीच दिसलं नसतं. पाळीची वेळ आणि कामं शेजारी लिहून ठेवा, नाहीतर टोक कशाचं ते कळत नाही.

एका दिवसावर निकाल देऊ नका. एकाच कामाच्या गटाची निदान तीन मोजमापं घ्या. त्यांत ३ डेसिबल किंवा जास्त अंतर पडलं तर आणखी दोन.

तक्रारी दोन. चार्जिंगच्या पिनांत रुई बसते, मऊ ब्रशने रोज काढावी लागते. आणि क्लिपची पकड पाचव्या महिन्यात ढिली झाली. जाड सदऱ्यावर चालते, बनियनवर घसरते, तिथे सेफ्टी पिन लावावी लागते.