मागचे ब्रेक पॅड: घरी बदलावेत की गॅरेजला द्यावेत? एका लॉरावाल्याचा अनुभव

आधी एक सांगतो, तुमच्या गाडीला मागे ड्रम असेल तर हे वाचून काही उपयोग नाही, तो लायनरचा विषय आहे आणि त्यातलं मला फारसं कळत नाही. माझी स्कोडा लॉरा आहे, मागे डिस्क आणि हँडब्रेक साधा, केबलचा. मागचे पॅड मी एकदा गॅरेजमध्ये बदलून घेतले आणि नंतर दोनदा घरी बदलले, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सेक्रेटरीकाका वरून बघत असताना. त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार माहीत आहेत असं म्हणायला हरकत नाही.

गॅरेजचे फायदे उघड आहेत. लिफ्ट असते, उजेड असतो, पाऊणएक तासात गाडी हातात येते. बोल्ट गंजून अडकला किंवा त्याचे आटे गेले तर डोकेदुखी त्यांची. डिस्कवर कोरलेल्या मिनिमम जाडीच्या खाली डिस्क गेली असेल तर नवी मागवून संध्याकाळपर्यंत बसवून देतात. तुमची एकच गाडी असेल आणि सोमवारी तीच घेऊन ऑफिसला जायचं असेल तर रविवारी दुपारी अर्धी उघडलेली गाडी बघून पोटात गोळा येतो, हे मी स्वतः अनुभवलंय.

घरी करायचं म्हटलं तर पहिल्या खेपेला दोन चाकांना साडेतीन तास गेले, दुसऱ्या खेपेला दीड. पैसे वाचतात का? खरं सांगायचं तर पहिल्या वेळी नाही. स्टँड, पिस्टन फिरवायचं किट, टॉर्क पाना, ग्रीस, ब्रेक क्लीनर एवढं घेईपर्यंत गॅरेजच्या दोन-तीन मजुऱ्या निघून जातात. म्हणजे फक्त पैशासाठी करणार असाल तर राहू द्या.

मग मी घरी का करतो? तर पिनमुळे.

झालं असं की गॅरेजमधून पॅड बदलून आणले, सहा-सात महिने सगळं ठीक. मग एकदा सासवडहून येताना दिवे घाट उतरलो, वडकीला चहाला थांबलो तर मागच्या डाव्या चाकाजवळ चांगलाच जळका वास आणि रिमला हात लावला तर चटका. बाकीची तीन चाकं नॉर्मल. घरी येऊन चाक काढलं. बाहेरचा पॅड जवळजवळ नव्यासारखा आणि आतला, जो बाहेरून दिसतच नाही तो, पार पत्र्याला टेकलेला. आणि वॉर्निंग लाइट वगैरे काही नाही कारण पॅड झिजल्याचं सांगणारा वेअर सेन्सर माझ्या गाडीत फक्त पुढे आहे.

कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर आवळणारा चिमटा, ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो त्यातली खालची पिन जाम झाली होती. पिस्टन आतल्या पॅडला दाबतो आणि मग कॅलिपर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून घेतो, असं ते काम चालतं. कॅलिपर सरकलाच नाही तर सगळा भार आतल्या एकट्या पॅडवर येतो आणि ब्रेक सोडला तरी तो डिस्कला घासत राहतो. पिन ओढून काढली तर तिच्यावर काळं घट्ट झालेलं साधं ग्रीस, तेच जे बेअरिंगला लावतात, आणि रबरी बूट त्याने फुगलेला. ब्रेकच्या रबराला पेट्रोलियमचं ग्रीस चालत नाही, सिलिकॉनचं किंवा खास ब्रेकच्या पिनसाठीचं लागतं. छोटी ट्यूब मिळते, ती वर्षानुवर्षं पुरते.

आता गॅरेजवाला वाईट होता असं मी म्हणणार नाही. मी त्याला आधीच सांगितलं होतं की दादा, पिना काढून साफ करा, वाटल्यास दोनशे जास्त घ्या. त्याने मान डोलावली, पैसे घेतले, आणि पिना तशाच. त्याच्याकडे रांगेत अजून तीन गाड्या होत्या आणि पिना न काढताही पॅड अगदी व्यवस्थित बसतात, त्या दिवशी काही फरक कळत नाही, कळतो तो सहा महिन्यांनी आणि तेव्हा सगळे पॅडच्या कंपनीला शिव्या घालतात. नंतर मोठ्या सर्व्हिस सेंटरलाही विचारून पाहिलं, तिथे तर गाडीजवळ उभंच राहू देत नाहीत, लाउंजमध्ये बसा म्हणतात. तुमचा फिटर तुमच्यासमोर पिना काढत असेल तर त्याला धरून ठेवा, मग या लेखाची तुम्हाला गरज नाही.

घरी करायचं ठरवलंत तर मागच्या चाकांची एक गंमत लक्षात घ्या. पुढचे पॅड बदलताना हँडब्रेक ओढलेला असतो, निवांत काम होतं. मागे काम करताना तो सोडावाच लागतो, नाहीतर पिस्टन आत जात नाही. म्हणजे गाडी फक्त पहिल्या गिअरवर आणि पुढच्या चाकांना लावलेल्या अडसरांच्या भरवशावर उभी. तेव्हा जमीन सपाटच हवी, आणि गाडी स्टँडवरच हवी, कंपनीने दिलेला जॅक पंक्चरपुरता असतो. आमच्या पार्किंगला थोडा उतार आहे म्हणून मी शेजाऱ्यांना त्यांची गाडी हलवायला सांगून त्यांची जागा घेतो.

दुसरं म्हणजे पिस्टन. पुढचा सरळ दाबला की आत जातो, मागचा दाबत दाबत फिरवावा लागतो कारण हँडब्रेकचा स्क्रू त्याच्या आतच असतो. नुसता शिकंजा लावून जोर केलात तर आतलं मेकॅनिझम बिघडतं. मी आधी तो स्वस्तातला चौकोनी ठोकळा घेतला होता, तो नुसता फिरतो, दाबत नाही, सारखा निसटतो, त्यात हाताची सालं गेली. मग स्क्रूवालं किट घेतलं आणि दोन मिनिटांत पिस्टन आत. लॉरात दोन्ही बाजू घड्याळाच्या दिशेने फिरतात, काही गाड्यांत एक बाजू उलटी असते, आणि सिव्हिकसारख्या गाड्यांत पॅडच्या पाठीवरची गाठ पिस्टनच्या खाचेत बसवावी लागते, तेवढं आपल्या गाडीचं बघून घ्या. ब्रेक ऑइलच्या डबीवर पण लक्ष ठेवा, पॅड झिजले की लेव्हल खाली जाते आणि सर्व्हिसला कोणीतरी ती भरून ठेवलेली असते, पिस्टन आत गेला की तेच ऑइल वर येऊन सांडतं आणि रंग खातं.

बाकी काम 13 ची गोटी (सॉकेट) आणि पिन धरायला 15 चा पातळ पाना, एवढ्यावर होतं. कॅलिपरचे बोल्ट 35 न्यूटन मीटर, चाकाचे 120. जुनी धूळ फुंकायची नाही, क्लीनर मारायचा. आणि गाडी हलवायच्या आधी पेडल पंप करा, पहिल्यांदा ते पार खाली जातं, पार्किंगच्या भिंतीसमोर हे आठवण्यात मजा नाही.

इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर मात्र मी गॅरेजच म्हणेन, म्हणजे तुमच्याकडे त्याला सर्व्हिस मोडला टाकणारा स्कॅनर नसेल तर. बटणवाल्या हँडब्रेकच्या मोटरशी पंगा महागात पडू शकतो. ज्यांची पार्किंग रस्त्यावर आहे त्यांनीही नकोच.

मी स्वतः पॅड घरीच करत राहणार बहुतेक, दर पावसाळ्यानंतर पिना काढून बघायची सवयच लागलीये. पुढच्या वेळी डिस्क पण बदलायला येतील असं वाटतंय, त्याचे बोल्ट फार घट्ट असतात म्हणतात, त्यामुळे ते काम गॅरेजला देईन. ग्रीसची ट्यूब खिशात घेऊन जाईन आणि लाउंजमध्ये बसणार नाही.