७ लाख २५ हजारांना पडलेली शिडाची बोट : जुनी घेणाऱ्यांनी वाचाच

टोकन २५,०००, उरलेले ७,००,००० आरटीजीएसने. एवढ्याला कोकणातल्या एका यार्डातली जुनी ‘जे-२४’ (शर्यतीची, २४ फुटी शिडाची बोट) आमच्या गळ्यात मारली. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून आलेल्या गिऱ्हाइकाला भरती-ओहोटीची घाई दाखवली की काम फत्ते, हे दलालाला पक्कं ठाऊक.

बोट क्रेनच्या पट्ट्यांवर लटकलेली. बुडाचा रंग सगळा जुना, विटका. फक्त कील (बुडाखालचं जड पातं) बुडाला मिळते तिथे, पुढच्या टोकाला, वीतभर पट्टा ताजा. नजर तिथेच अडायला हवी होती! दलाल म्हणे, ‘सीझनच्या आधीचा टचअप.’ रंग ओला म्हणून हात लावू देईना, क्रेनचं भाडं तासावर. अशात खरवडून कोण बघणार, सांगा? रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली फट. या बनावटीच्या जुन्या बोटींत कीलच्या वरचा खळगा व्हर्मिक्युलाइट (एक हलकं खनिज) आणि रेझिनने भरलेला असतो. त्यात पाणी मुरलं की तो भुसभुशीत होतो, बोल्टांची पकड जाते. आता कील उतरवून खळगा कोरायचा, पुन्हा भरायचा. अंदाज २,८५,०००.

डेकमध्ये फायबरच्या दोन थरांत बाल्सा लाकूड असतं. रेलिंगच्या खांबांपाशी, विंचभोवती (दोर ओढायच्या चरखीभोवती) स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, ‘धप’ वाजलं तर लाकूड कुजलंय. डोलकाठीच्या तारा आत ज्या प्लायच्या भिंतीला बोल्ट केलेल्या असतात, तिचा तळ टोच्याने टोचून बघा.

शर्यतीचं मोजमाप-प्रमाणपत्र तर दुसऱ्याच बोटीचं निघालं. बोटीच्या मागच्या उभ्या पाटीवर उजवीकडचा हल नंबर (बोटीचा स्वतःचा क्रमांक) रंगाने बुजवलेला. तो खरवडून प्रमाणपत्राशी जुळवल्याशिवाय टोकन देऊ नका.

कोल्हापूरच्या पोलीस ठाण्यात काय ऐकावं लागलं? ‘रंकाळ्यात सोडणार होता काय?’ मग, ‘ही दिवाणी बाब.’ मग, ‘बोट कोकणात, तिकडं जावा.’ तिकडचे म्हणाले, पैसे कोल्हापूरच्या बँकेतून गेले, तिथंच द्या. अहो, दुसऱ्याच्या बोटीचा कागद खपवणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ कशाला आहे? हद्दीचं कारण तर चालतच नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. अर्ज लेखीच द्या, पोच घ्या.

आणि यार्डाची थकबाकी आधी विचारा. मागच्या भाड्याचे ४१,५०० आमच्याकडून वसूल केल्यावरच त्यांनी बोटीला हात लावू दिला.