सिमवाला टॅब घ्यावा का? नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बँकांसाठी मालमत्तेचे मूल्यांकन करणे हा माझा व्यवसाय असून आठवड्यातले चार दिवस मी नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांत साइटवर असतो. गेल्या नोव्हेंबरमध्ये सीताबर्डीत टॅब घेताना फक्त वाय-फायवर चालणारे मॉडेल आणि सिम टाकता येणारे 5जी मॉडेल यांच्या किमतीत चार हजारांचा फरक होता. दुकानदाराने मोकळेपणाने विचारले, "सर, फोनचा हॉटस्पॉट असताना कशाला खर्च वाढवता?" त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आधीचा टॅब मी दोन वर्षे हॉटस्पॉटवरच चालवला होता, आणि त्यालाच कंटाळून सिमवाला घेतला. मॉडेलचे नाव येथे देत नाही, कारण प्रश्न टॅबचा नसून सिमचा आहे.

हॉटस्पॉटमुळे फोनची बॅटरी लवकर उतरते ही तक्रार सर्वांनाच ठाऊक आहे; पॉवर बँक जवळ ठेवली की ती मिटते. माझी अडचण वेगळी होती. माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत: जुन्या क्रमांकावर पक्षकारांचे फोन येतात आणि डेटा दुसऱ्या सिमवर चालतो. दोन सिमच्या अनेक फोनांत एका सिमवर बोलणे सुरू असताना दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. त्यामुळे बँकेच्या पोर्टलवर पंचवीस-तीस फोटो चढत असताना "साहेब, फाटकापाशी उभा आहे, कुठे आहात?" असा फोन आला की अपलोड मध्येच तुटत असे, पोर्टल बाहेर काढत असे आणि पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरुवात. टॅबमध्ये सिम आल्यापासून हा प्रकार पूर्ण बंद झाला. पैसे वसूल झाले असे मला वाटते ते मुख्यतः एवढ्या एका गोष्टीमुळे.

दुसरा फायदा मी खरेदीच्या वेळी गृहीतही धरला नव्हता. टॅबसाठी मी मुद्दाम फोनपेक्षा वेगळ्या कंपनीचे सिम घेतले. शहरात त्याने काही फरक पडत नाही. एअरटेलने ऑक्टोबर 2022 मध्ये देशातील ज्या पहिल्या आठ शहरांत 5जी सुरू केले त्यांत नागपूर होते, आणि आज वर्धा रोडवर किंवा बेसा-बेलतरोडीच्या नव्या लेआउटमध्ये नेटवर्कची चिंता करावी लागत नाही. पण काटोल-नरखेडकडच्या गावांत एका कंपनीची रेघ असते तेथे दुसरीची नसते, आणि दोन यंत्रांत दोन कंपन्या असल्याने भूनकाशा (जमिनींच्या सरकारी नकाशांचे संकेतस्थळ) उघडून गट क्रमांक आणि चतुःसीमा जागेवरच ताडून पाहता येतात. देवलापारच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या एका प्लॉटवर मात्र दोन्ही सिम मुकी झाली, तेव्हा सातबारा आधीच उतरवून ठेवण्याची जुनी सवय मी सोडलेली नाही.

जीपीएसबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण दुकानात याविषयी कोणी बोलत नाही. माझ्या जुन्या वाय-फाय टॅबमध्ये जीपीएस नव्हतेच. तो आसपासच्या वाय-फायवरून आपली जागा ओळखत असे, आणि कुही तालुक्यातील शेतात कोणाचे वाय-फाय असणार? फोटोवर उमटलेले अक्षांश-रेखांश प्रत्यक्ष जागेपासून कित्येक किलोमीटर दूरचे निघाले आणि बँकेने अहवाल परत पाठवला. अँड्रॉइडच्या बऱ्याच वाय-फाय टॅबमध्ये जीपीएस असते, काही स्वस्त मॉडेलांत नसते. आयपॅडच्या केवळ वाय-फायच्या आवृत्तीत ते नसतेच, सेल्युलर आवृत्तीत असते. शिवाय जागा ओळखायला जीपीएसला उपग्रहांच्या कक्षेची माहिती लागते. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर 30 सेकंदांनी प्रसारित करतो आणि त्याचा संपूर्ण संदेश मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. टॅबला स्वतःचा डेटा असेल तर हीच माहिती इंटरनेटवरून चटकन मिळते आणि जागा लवकर सापडते. आयपॅड घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: मार्च 2025 मध्ये आलेल्या साध्या आयपॅडच्या दोन आवृत्त्यांत भारतात 15,000 रुपयांचा फरक होता, आणि त्याच्या सेल्युलर आवृत्तीत प्रत्यक्ष सिम बसत नाही, ई-सिमच (कार्ड न टाकता यंत्रातच सुरू होणारे सिम) लागते.

आता खर्च. चार हजार एकदाच गेले. रिचार्ज मात्र जात राहतो. मी घेतलेला पॅक 299 रुपयांचा, 28 दिवसांचा होता. म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज आणि 3,887 रुपये. किमतीतला फरक एका वर्षात पुन्हा भरल्यासारखाच. या पॅकमध्ये अमर्याद कॉल होते, आणि माझ्या टॅबमधून कॉल लागतच नाही! रोजचा दीड जीबी डेटा मध्यरात्री संपुष्टात येतो, माझा वापर मात्र महिन्याला सहा-सात जीबीच्या वर जात नाही. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ कॉल-एसएमएसचे पॅक ठेवण्याचा आदेश ट्राय या दूरसंचार नियामकाने डिसेंबर 2024 मध्ये काढला. उलट गरज असलेल्या, म्हणजे फक्त डेटा हव्या असलेल्या आमच्यासारख्यांसाठी तसा आदेश नाही. चार महिन्यांनंतर मी हे सिम कुटुंबाच्या पोस्टपेड योजनेत जोडले, आणि आता वाटून घेतलेल्या डेटात काम भागते.

सिम सुरू करतानाचा घोळही सांगायला हवा. पडताळणीसाठी त्याच सिमवरून कॉल करणे आवश्यक होते, आणि टॅबमध्ये ती सोयच नव्हती. दुकानातल्या मुलाला हे समजावण्यात एक संध्याकाळ गेली. शेवटी घरी येऊन सौभाग्यवतींच्या सेफ्टी पिनने ट्रे काढला, सिम फोनमध्ये घातले, कॉल केला आणि परत टॅबमध्ये टाकले. असा टॅब घेणाऱ्याने हे काम आधी फोनमध्येच उरकावे.

उन्हाळ्यापुढे मात्र सिमचाही इलाज चालला नाही. टॅबच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान 0 ते 35 अंश दिले आहे आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो. उमरेड रोडच्या एका उघड्या लेआउटवर दुपारी बारा वाजता स्क्रीन आपोआप इतकी मंद झाली की नकाशावरच्या रेषा दिसेनात; डोक्याचा दुपट्टा सोडून टॅबवर धरला, त्याखाली वाकून मोजमाप भरले. आधी फोन तापून हॉटस्पॉट बंद पडत असे, आता टॅब तापतो, एवढाच बदल.

कार्यालयातील एका सहकाऱ्याने नुकताच सल्ला विचारला. त्यांचे काम धरमपेठ-रामदासपेठेतील फ्लॅटपुरते आहे आणि अहवाल ते घरीच लिहितात. त्यांना मी वाय-फायचाच, पण जीपीएस आहे याची खात्री करून घ्यायला सांगितले. मुलीसाठीही वाय-फायचाच टॅब घेतला आहे. अभ्यास घरात आणि शिकवणीत होतो, दोन्हीकडे वाय-फाय आहे. तिला आजवर एकदाच अडले, सेवाग्राम एक्स्प्रेसने मुंबईला जाताना, आणि तेव्हा तिला हॉटस्पॉट मी फोनवरून न देता माझ्या टॅबवरून दिला.