आधी हिब्रू की आधी ग्रीक?

बायबल मुळातून वाचायचं मनात आलं की पहिला पेच हाच पडतो, कारण त्याचा जुना करार बहुतेक हिब्रूत आहे आणि नवा ग्रीकमध्ये. दोन्ही भाषा एकदम सुरू करणारे बहुधा दोन्ही अर्ध्यावर सोडतात, तेव्हा एकच धरा.

लिपीपुरतं बोलायचं तर ग्रीक सोपी. २४ अक्षरं, आणि अल्फा, बीटा, थीटा, पाय ही मंडळी गणिताच्या तासाला भेटलेलीच असतात. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते. २२ अक्षरं, सगळी व्यंजनं. स्वर म्हणजे खालीवर दिलेले ठिपके आणि रेघा, तेही मूळ मजकुरात कित्येक शतकांनी घातलेले. डोळा बसायला वेळ लागतो.

पुढे मात्र पारडं फिरतं. ग्रीक क्रियापदांचे तक्ते संपता संपत नाहीत. विभक्ती आणि तीन लिंगं मराठी माणसाला नवी नाहीत, एवढाच दिलासा. शिवाय नव्या करारात ५० किंवा जास्त वेळा येणारे शब्द ३०० च्या आसपास, आणि सुमारे ८० टक्के मजकूर तेवढ्यात उरकतो. हिब्रूत शब्द तीन अक्षरी धातूंतून फुटतात, क्रियापद ‘गेला-गेली’सारखं लिंगानुसार बदलतं आणि गोष्ट ‘आणि… आणि…’ करत छोट्या वाक्यांत पुढे सरकते.

हाती काय लागतं? जुन्या करारात यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव त्याला विचारतो, तुला काय दिसतं? तो म्हणतो, बदामाची फांदी. देव म्हणतो, बरोबर, मी माझं वचन पुरं करायला जागत आहे. मराठीत वाचताना बदामाचा आणि जागं राहण्याचा संबंधच लागत नाही. हिब्रूत बदाम ‘शाकेद’ आणि जागा असलेला ‘शोकेद’. स्वरचिन्हं काढा, दोन्ही शब्द हुबेहूब एकच.

योना संदेष्ट्याच्या पुस्तकात तर ‘राआ’ हा एकच शब्द निनवे शहराच्या दुष्टाईला, देव आणणार असलेल्या अरिष्टाला आणि शेवटी योनाच्या चडफडाटालाही वापरलाय. शहर सुधारतं, अरिष्ट टळतं, आणि ‘राआ’ उरते ती संदेष्ट्यापाशी! भाषांतरात तीन ठिकाणी तीन शब्द येतात आणि हा टोला हुकतो.

ग्रीकमध्येही असे खेळ आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेम नावाच्या माणसाला सांगतो, ‘आनोथेन’ जन्मायला हवं. या शब्दाचा अर्थ ‘पुन्हा’ही होतो, ‘वरून’ही. निकदेम पहिला अर्थ धरतो आणि आईच्या उदरात परत कसं शिरायचं म्हणून विचारतो.

पण ग्रीकमध्येच लोक जास्त घसरतात. त्याच शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायात येशू आपला शिष्य पेत्र याला ‘माझ्यावर प्रेम करतोस का’ असं दोनदा ‘आगापाओ’ आणि तिसऱ्यांदा ‘फिलेओ’ हे क्रियापद वापरून विचारतो, म्हणून पहिलं दैवी प्रेम आणि दुसरं साधी मैत्री, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. याच शुभवर्तमानात पित्याच्या पुत्रावरच्या प्रेमासाठी ३:३५ ला (अध्याय ३, वचन ३५) एक क्रियापद आहे आणि ५:२० ला दुसरं. कोशात एकच शब्द पाहणाऱ्याला हे दिसत नाही, सलग वाचणाऱ्याला दिसतं.

तिसरी वाट म्हणजे ओळीखाली शब्दार्थ दिलेली आवृत्ती. भाषांतरं ताडून पाहायला ठीक. वाक्याची घडण तिच्यातून कळत नाही.

शुभवर्तमानं आणि पत्रं हाच तुमचा रोजचा अभ्यास असेल, तर ग्रीक घ्या. योहानाचं पहिलं पत्र आधी वाचा, लूकच्या शुभवर्तमानाची प्रस्तावना सध्या नको. बाकीच्यांना मी हिब्रूच सुचवेन. योना अवघ्या ४८ वचनांचा आहे. जुन्या करारातलं ईयोबाचं पुस्तक मात्र अगदी शेवटी, त्याची हिब्रू भल्याभल्यांना दमवते.